आवाजावरून कळतं म्हणे!

ह्या विकांताचा विषय जरा तेलकट आहे. आमच्या हापिसातल्या मंडळींना 'आउटबोर्ड' म्हटलं की पांढरीशुभ्र स्पीडबोट आणि गॉगल लावलेला हिरो दिसतो. मला दिसते ती मालवणच्या बाजूची, रंग उडालेली होडी आणि तिच्या पाठीमागे टांगलेलं, माझ्या नोकरीच्या तिप्पट वयाचं इंजिन. अशा जुन्या इंजिनांवरून मला आज भांडायचं आहे आणि माझं म्हणणं एका वाक्यात बसतं: प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय अशा इंजिनाबद्दल कोणीही कसलाही निकाल देऊ नये. 'मस्त आहे, घेऊन टाक' असाही नाही आणि 'गेलं, भंगारात घाल' असाही नाही.

मोजायला हजार रुपयांच्या आसपासचं एक गेज लागतं, आणि वेळ म्हणाल तर एक चहा होईतो काम संपतं. तरी कोणी मोजत नाही. मेकॅनिक मोजत नाही, विकणारा मोजत नाही, घेणारा मागत नाही. उरलो आपण डिग्रीवाले. आपली पाळी शेवटी येईल, काळजी नसावी.

ज्यांचा समुद्राशी संबंध तारकर्लीच्या फोटोंपुरता आहे त्यांच्यासाठी थोडं मागून सांगतो. मोठ्या ट्रॉलरचं डिझेल इंजिन बोटीच्या पोटात असतं. छोट्या होडीला ते परवडत नाही आणि मावतही नाही. तिच्या मागच्या फळीला बाहेरून एक इंजिन अडकवतात. वर डोकं, खाली दांडा, दांड्याच्या टोकाला पंखा. हे आउटबोर्ड. नॉर्वेत जन्मलेल्या ओल एव्हिनरूडने १९०९ मध्ये अमेरिकेत मिलवॉकीला ह्याचा धंदा सुरू केला, तेव्हापासून मूळ कल्पना फारशी बदललेली नाही. जुनी आउटबोर्ड बहुतेक टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्येच तेल मिसळायचं, दोरी ओढायची, निघायचं. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. चार सुट्या भागांचं, एका माणसाला खांद्यावर घेऊन किनारा चढता येईल असं यंत्र. म्हणूनच ते गरिबाचं यंत्र झालं.

आता कॉम्प्रेशन. सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्याने दाबून दांडा रेटून पाहा. अंगठ्याला जो मार बसतो तेच कॉम्प्रेशन. इंजिनात पिस्टन वर येताना हवा आणि पेट्रोल दाबून धरतो आणि मग ठिणगी पडते. दाब नीट धरला तर स्फोटाला जोर, नाही तर नुसताच धूर. हा दाब धरून ठेवणारी मंडळी तीन: पिस्टनच्या रिंगा, सिलिंडरची भिंत म्हणजे बोअर, आणि वरचं हेड गॅस्केट. तिघांपैकी एकानेही दगा दिला तर दाब गळतो. तो किती गळतो ते बाहेरून दिसत नाही. रंग नवा असू शकतो, स्टिकर नवे असू शकतात. प्लगच्या भोकात गेज लावलं की मात्र रंगाचं काही चालत नाही.

'बरं, गळला थोडा दाब, बिघडलं काय?' असं कोणी विचारेल. बिघडतं ते असं. दोन सिलिंडरच्या इंजिनात एक सिलिंडर अशक्त झाला तरी इंजिन किनाऱ्यावर सुरू होतं. सकाळी थंड असताना तर झकास होतं. मग माणूस दोन-तीन मैल आत जातो, जाळं टाकतो, इंजिन बंद करतो. तासाभराने दोरी ओढतो, ओढतच राहतो. दाब कमी झालेलं टू-स्ट्रोक गरम असताना पुन्हा सुरू करणं किती जिकिरीचं असतं, हे ज्याने केलंय त्यालाच विचारा. आणि खाडीच्या मुखाशी, जिथे समुद्राची लाट आणि ओहोटीचं पाणी एकमेकांना भिडतात, तिथे इंजिनाने मान टाकली तर होडी आडवी फिरायला फार वेळ लागत नाही. रस्त्यावर गाडी बंद पडली की आपण ती बाजूला घेतो आणि फोन करतो. समुद्राला बाजू नसते हो.

म्हणून 'आवाजावरून कळतं' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. ह्या वाक्यामागच्या अनुभवाची मला टिंगल करायची नाही. तीस वर्षं इंजिनं उघडलेल्या माणसाच्या कानात खरोखरच काहीतरी असतं. दोरी ओढताना हाताला लागणाऱ्या जोरावरून, प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून त्याला सिलिंडर मेलाय की जिवंत आहे हे नक्की कळतं. पण मेलेला सिलिंडर ओळखायला कोणीही चालतो. प्रश्न आजारी सिलिंडरचा आहे. ११५ आणि ९० ह्यांतला फरक अंगठ्याला कळत नाही. आणि समजा कळला, तरी अंगठा तो पुढच्या वर्षापर्यंत लक्षात ठेवत नाही. कानाने ऐकलेलं वहीत लिहिता येत नाही, दुसऱ्याला दाखवता येत नाही, आणि ज्याच्या खिशातून पैसे जाणार त्याला तपासताही येत नाही. माझा खरा राग ह्यावर आहे. 'मला कळतं' म्हणणारा माणूस सगळी किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो. आकडा सगळ्यांना दिसतो.

तर मोजायचं कसं? रॉकेट सायन्स नाही, पण शिस्त हवी, कारण ढिसाळपणे घेतलेला आकडा हा न घेतलेल्या आकड्यापेक्षा वाईट.

इंजिन आधी गोड्या पाण्याच्या पिंपात पाच मिनिटं चालवून कोमट करायचं. कोरडं चालवायचं नाही, पाण्याच्या पंपातला रबरी इंपेलर काही सेकंदांत खराब होतो. मग इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये ठेवायचं आणि किल-स्विचची दोरी काढून घ्यायची. सगळे प्लग काढायचे. सगळे, फक्त एक नाही. नाहीतर बाकीचे सिलिंडर आपला वेग खातात. खाऱ्या पाण्यातल्या इंजिनाचे प्लग गंजून घट्ट बसलेले असतात आणि हेड ॲल्युमिनियमचं असतं, तेव्हा जोर लावून आटे खराब करू नका. गंज सोडवणारं तेल मारा, थांबा, मग पाना लावा. प्लगच्या वायरी इंजिनाच्या धातूला नीट टेकवून अर्थ करायच्या. एक तर भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर पडत असते, तिथे ठिणगी नको. दुसरं म्हणजे मोकळ्या सोडलेल्या वायरीमुळे सीडीआय युनिट उडू शकतं आणि मग तपासणीच आजार होऊन बसते.

आता थ्रॉटल पूर्ण उघडा. ही पायरी सगळ्यात जास्त वेळा चुकते. थ्रॉटल बंद असेल तर सिलिंडरला हवाच पुरेशी मिळत नाही, मग दाबणार काय? गेज प्लगच्या भोकात बसवा आणि दोरी जोरात, एकसारखी ओढा. काटा पायऱ्या-पायऱ्यांनी चढतो आणि एका ठिकाणी थांबतो. साधारण पाच-सहा ओढण्यांत हे होतं. आकडा लिहा, गेज शून्यावर आणा, पुढच्या सिलिंडरला तेवढ्याच ओढण्या, तेवढ्याच जोराने. मग सगळं पुन्हा एकदा पहिल्यापासून. दोन फेऱ्यांचे आकडे जुळले नाहीत तर तुम्ही इंजिन मोजत नव्हता, स्वतःचा दंड मोजत होता.

आणि आता खरी गंमत. आकडा आला, समजा १०५ पीएसआय. चांगला की वाईट? इथे दुसऱ्या टोकाची मंडळी उभी असतात, आकड्याचे भक्त. '१२० पाहिजे, त्याखाली सगळं भंगार!' ह्यांच्याशीही माझं भांडण आहे. जुन्या टू-स्ट्रोक आउटबोर्डचे आकडे ढोबळमानाने ९० ते १३० ह्या पट्ट्यात येतात, पण हा पट्टा काही वेदवाक्य नाही. थोडं गणित करू. सहाला एक असं कॉम्प्रेशन रेशो असलेलं इंजिन घ्या. हवा अगदी सावकाश दाबली आणि सगळी उष्णता भिंतींत जिरली, तर गेजवर ७३ दिसेल. अजिबात उष्णता जिरली नाही, तर १६६. इंजिन तेच, बोअर तोच, आणि कागदावर दोन टोकांमध्ये ९३ पीएसआयचं अंतर! प्रत्यक्ष आकडा मध्ये कुठेतरी पडतो. कुठे, ते दोरी किती वेगाने ओढली, इंजिन किती गरम होतं, गेजची नळी किती लांब आहे ह्यावर ठरतं. छोट्या सिलिंडरला लांब नळी लावली आणि नळीचा व्हॉल्व्ह प्लगच्या टोकाला नसून गेजच्या टोकाला असला, तर नळीतली जागाही सिलिंडरच्या हिशेबात जाते आणि आकडा कमी येतो. त्यात काही इंजिनांचं कॉम्प्रेशन मुळातच कमी ठेवलेलं असतं. केरळात वर्षानुवर्षं वापरली गेलेली केरोसीनवरची आउटबोर्ड इंजिनं घ्या. पेट्रोलवर सुरू करायची, तापली की केरोसीनवर घ्यायची. केरोसीनला जास्त दाब सोसत नाही. त्यांना पेट्रोलच्या इंजिनाची फूटपट्टी लावलीत तर धडधाकट यंत्राला तुम्ही मृत्यूचा दाखला द्याल.

मग मोजून उपयोग काय? उपयोग तुलनेत आहे. दोन सिलिंडर म्हणजे जुळे भाऊ. एकाच दिवशी जन्मले, एकच तेल प्यायले, एकाच समुद्रात तेवढेच तास राबले. गेज दहाने कमी दाखवत असेल तर दोघांनाही दहाने कमी दाखवेल. दोरी ओढणारा अशक्त असेल तर दोघांसाठीही अशक्त. सगळ्या चुका दोघांना सारख्या वाटल्या जातात आणि उरतो तो फरक खरा असतो. आपल्या धंद्यात ह्याला बेसलाइन म्हणतात. म्हणून १०० आणि ९८ असं सांगणारं इंजिन मी डोळे मिटून... नको, डोळे उघडे ठेवूनच, १३० आणि ९५ वाल्यापेक्षा वर ठेवीन. पहिल्यात फरक दोन टक्के, दुसऱ्यात सत्तावीस. साधारण दहा-पंधरा टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घेतात. त्यापुढे गेलं की काहीतरी कारण असतंच, आणि ते शोधल्याशिवाय समुद्रात जाऊ नये.

कारण शोधायलाही हेच गेज मदत करतं. कमी आकड्याच्या सिलिंडरमध्ये चहाचा लहान चमचा भरून तेल सोडा, दोन-तीनदा ओढून पसरवा आणि पुन्हा मोजा. आकडा बराच वर आला तर तेलाने रिंगा आणि बोअर ह्यांच्यामधली फट भरली, म्हणजे गळती तिथे आहे. हलला नाही तर हेड गॅस्केट किंवा थेट पिस्टनला भोक असल्याचा संशय घ्या. तेल जास्त ओतू नका, तेच जागा अडवून आकडा फुगवतं. तीन-चार सिलिंडरच्या इंजिनात शेजारचे दोघे सारखेच कमी आले तर त्यांच्यामधलं गॅस्केट फाटलं असण्याची शक्यता मोठी. एखादा उगाच जास्त आला तर खूश होऊ नका, आत कार्बन धरला असेल. आणि सगळेच सारखे कमी आले तर आधी गेज दुसऱ्या, माहितीतल्या इंजिनावर लावून बघा, थ्रॉटल उघडा होता का ते बघा. इंजिनावर संशय सगळ्यात शेवटी.

आता मामांची गोष्ट. माझ्या मामांकडे पंधरा हॉर्सपॉवरचं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आहे, अठरा वर्षांचं. गेल्या वर्षीच्या मार्चपासून ते नखरे करत होतं. रिकाम्या होडीला ठीक, पण माणसं बसली आणि पूर्ण थ्रॉटल दिला की दहा मिनिटांत दम सोडायचं. मेकॅनिक आला, त्याने दोनदा दोरी ओढली, मान तिरकी करून ऐकलं आणि जाहीर केलं, "बोअर-पिस्टन गेला. माका आवाजावरसून कळता." उपाय दोन: एक तर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाका, आणि इतकं जुनं असल्यामुळे त्याचीही खात्री नाही, नाहीतर नवं घ्या. नव्याचा हिशेब लाखांत. मामा मला फोनवर एवढंच म्हणाले, "नव्या मशिनाचे पैशे खंयसून आणू रे?"

मे महिन्यात गेज घेऊन गेलो. वरचा सिलिंडर १०४, खालचा १०१. दुसरी फेरी १०३ आणि १०१. म्हणजे बोअर-पिस्टन गेल्याचा काहीही पुरावा नाही. जे यंत्र उघडायला निघाले होते, ते उघडायची गरजच नव्हती. मग निवांत पुढचं पाहिलं. इंजिन दम सोडायला लागलं की पेट्रोलच्या पाइपमधला रबरी फुगा मामांनी हाताने दाबत राहायचा, असं ठरवून होडी पाण्यात घातली. फुगा दाबला की इंजिन पुन्हा चढायचं, सोडला की पडायचं. पेट्रोल पुरत नव्हतं. पाइपच्या कनेक्टरमधली ओ-रिंग चिरलेली निघाली, तिथून हवा ओढली जात होती. ती बदलली, पाइपही जुना झाला होता म्हणून तोही बदलला. सगळे मिळून हजाराच्या आत. मेकॅनिकला कळल्यावर तो म्हणाला, पाइप बघ असं मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं. असो!

कोणी म्हणेल, इंजिन चांगलं निघालं म्हणून तुला गेज आवडलं. म्हणून दुसरी बाजूही सांगतो. त्याच आठवड्यात मामांना कोणी एक जुनं इंजिन दाखवायला घेऊन आलं होतं. नवा रंग, पहिल्या ओढीत सुरू, आवाज तर गोड, मेकॅनिकचा कान खूश. त्याच गेजने, त्याच हाताने ११० आणि ७२. चमचाभर तेल घातल्यावर ७२ चे ९८ झाले. म्हणजे खालच्या सिलिंडरच्या रिंगा किंवा बोअर. विकणारा म्हणाला, तुमचं गेजच खोटं आहे. गेज खोटं असतं तर वरच्या सिलिंडरला खोटं का बोललं नाही, ह्याचं उत्तर काही मिळालं नाही. मामांनी हात जोडले. ते इंजिन पुढे कोणीतरी घेतलंच असणार, आणि घेणाऱ्याने आवाज ऐकूनच घेतलं असणार. मला झोप उडवणारी गोष्ट ही आहे. कारण त्याच्यावर उद्या माणसं बसणार. कदाचित विकांताला डॉल्फिन बघायला आलेली, तुमच्या-माझ्यासारखीच.

एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी, नाहीतर मीही आकड्याचा भक्त ठरेन. कॉम्प्रेशन चांगलं म्हणजे इंजिन चांगलं, असं मुळीच नाही. ही तपासणी वरच्या मजल्याची आहे. टू-स्ट्रोकचा खालचा मजला, म्हणजे क्रँककेस, त्याचे सील, रीड व्हॉल्व्ह, ह्यांबद्दल ती काही सांगत नाही. कार्बोरेटर, ठिणगी, पाण्याचा पंप, गिअरबॉक्समध्ये शिरलेलं खारं पाणी, ह्यांबद्दलही नाही. मामांची ओ-रिंग गेजने पकडली नाही. गेजने फक्त सांगितलं की शोध दुसरीकडे घ्या. पण तेवढंच तर हवं असतं! सगळ्यात महागडी, सगळ्यात मोठी शंका दहा मिनिटांत मिटते किंवा पक्की होते, आणि पुढचा खर्च करायचा की नाही हे कळतं. म्हणून ती तपासणी पहिली करायची. कार्बोरेटर तीनदा साफ करून, चार प्लग बदलून, दोन हंगाम वाया घालवून मग नाही.

'जुन्यात जीव कशाला घालवायचा, नवं घ्या' हा सल्ला देणारे बहुतेक वेळा दुसऱ्याच्या पैशांनी देतात. एव्हिनरूडचंच बघा. १९०९ पासूनचं नाव, पण ही आउटबोर्ड बनवणं बीआरपी ह्या कंपनीने २०२० च्या मे महिन्यात बंद केलं. ज्यांच्याकडे ती इंजिनं आहेत त्यांना 'तेच नवं घ्या' म्हणण्याची सोयच उरली नाही. जुन्याला सुटे भाग शोधत फिरायचं की सोडून द्यायचं, हा निर्णय त्यांना घ्यावाच लागतो. तिकडे वापरलेल्या आउटबोर्डच्या जाहिरातीत प्रत्येक सिलिंडरचा कॉम्प्रेशनचा आकडा लिहिणं ही नेहमीची गोष्ट आहे, आणि नसला तर घेणारा विचारतो. 'त्यांना परवडतं' असं म्हणू नका. गेज तिथेही स्वस्तच आहे आणि इथेही. त्यांच्याकडे विचारायची सवय आहे, आपल्याकडे विचारलं की समोरच्याचा अपमान होतो.

आता आपली पाळी. मंडळी, माझ्यासारखेच मेकॅनिकल करून सॉफ्टवेअरमध्ये आलेले तुमच्यात कमी नाहीत. ऑटो सायकलची एफिशियन्सी आपल्याला झोपेत काढता येत होती. आयसी इंजिनच्या लॅबमध्ये मोर्स टेस्ट होती, आठवते? एकेक सिलिंडर बंद करायचा आणि प्रत्येकाची ताकद किती ते काढायचं. म्हणजे 'सिलिंडर एकेकटा तपासा' हा धडा आपल्या टर्मवर्कमध्येच होता! पण पंचवीस जणांचा घोळका, एक इंजिन, आणि रीडिंग फळ्यावर आधीच लिहिलेली. चार वर्षांत एकदाही कोणी आमच्या हातात कॉम्प्रेशन गेज दिलं नाही. दाब म्हणजे पी-व्ही आकृतीतला वरचा कोपरा. तो अंगठ्याला लागतो, हे कोणी सांगितलंच नाही. ज्या कोकणातून निम्मा वर्ग आला होता, तिथल्या होड्यांच्या इंजिनांचा अभ्यासक्रमात उल्लेखही नव्हता.

आणि तीच सवय घेऊन आपण हापिसात बसलो. सर्व्हर हळू झाला? रॅम वाढवा. ॲप अडकलं? रिस्टार्ट मारा. लॉग कोण बघतो, मोजतो कोण! क्लायंटच्या पैशांनी आपण रोज 'बोअर-पिस्टन गेला' म्हणत असतो. फरक इतकाच की आपला सर्व्हर बंद पडला तर पेजर वाजतो, फार तर एक मीटिंग लागते. त्यामुळे मालवणच्या मेकॅनिकला नावं ठेवण्याचा हक्क आपल्याला जरा बेतानेच आहे. त्याला निदान कान तरी आहे.

म्हणून मागणी छोटी करतो. कोकणात ज्यांचं घर आहे, ज्यांचा काका-मामा-आतेभाऊ अजून होडी ठेवून आहे, त्यांनी पुढच्या खेपेला पेढ्यांच्या बॉक्सबरोबर एक गेज न्या. १ जूनला पावसाळी मासेमारी बंदी लागते, होड्या वर ओढल्या जातात, इंजिनं उतरवून घरात येतात. ह्यापेक्षा चांगला मुहूर्त नाही. ह्या दिवसांत प्लग काढा, मोजा, आणि एका साध्या वहीत तारीख, इंजिन, दोन आकडे एवढंच लिहा. वही इंजिनाजवळच ठेवा, तुमच्या लॅपटॉपमध्ये नको. यंदाचे आकडे एकटेच असतील. पुढच्या वर्षी त्यांना सोबत मिळेल. आणि तिसऱ्या वर्षी ११८, ११२, ९६ अशी उतरण दिसली, तर इंजिन समुद्रात सांगण्याआधी वही घरात सांगेल.

आणि जुनं आउटबोर्ड विकत घेणाऱ्या कोणालाही दोनच आकडे मागायला शिकवा. रंग, वय, आवाज, 'डॉक्टरांच्या बंगल्यावर होतं, फार वापरलंच नाही' ह्या सगळ्याच्या आधी, वरचा किती आणि खालचा किती. मोजू द्यायला जो नाही म्हणेल, त्याने उत्तर दिलेलंच आहे. नारळी पौर्णिमेला नारळ जरूर सोडा. पण त्याआधी प्लग काढा.